कार्बन पेपर

दोन प्लेटींमध्ये कोरा कागद, त्यावर कार्बन,
आणि जॅकचा दांडा हळूच तीनदा.
कागद बाहेर आला तेव्हा
एकच कोपरा काळाकुट्ट,
बाकीचा जसाच्या तसा,
जणू वरच्या प्लेटीनं खालचीला
नुसता खांदा मारला.

कायतान म्हणाला, बाय, पळे,
ही तुझी समांतर.

कुंडईच्या शेडमध्ये दुपारचे तीन.
पत्र्याखाली पोलादालाही घाम.
ड्रॉइंगमध्ये मी दोन रेघा ओढल्या होत्या,
शेजारी ते छोटं चिन्ह, दोन तिरक्या काठ्यांचं,
पुढे शून्य दशांश शून्य पाच.
लिहायला काय लागतं.

खांब चार घेतले. चार कोपरे, चार खांब,
दिसायला भक्कम.
कायतानच्या आईकडे काजू फोडायचं तीन पायांचं बाकडं आहे,
कुठल्याही अंगणात टेकतं.
चौथा पाय आला की एक कोणीतरी हवेत,
नाहीतर चौघंही ताणात
आणि कबूल कोणी करत नाही.
नट आवळणारे हातही वेगवेगळे:
एक माझा, एक कायतानचा,
दोन शिकाऊ पोरांचे, जेवणाच्या सुट्टीआधीचे.

शिवाय बुश आखूड. ती चूक माझीच.
म्हापशाच्या घरात कपाटाला एक रुंद खण होता,
पावसात एका मुठीनं ओढला की
तिरका होऊन अडायचा.
बाबा आतून ओरडायचे, दोन्ही हातांनी गो, दोन्ही हातांनी.
रुंदी मोठी, धरून ठेवणारी बाजू छोटी,
अडणारच.
हे मला नववीत ठाऊक होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं.
पण मार्चमध्ये याच सांगाड्यात
पेडण्याच्या तुळशीदास शेटकरांचे सहा चिरे
मी दाबले होते.
कोपऱ्यातून तिरकी भेग,
मग तांबडी भुकटी, खालच्या ट्रेमध्ये.
अहवालात लिहिलं: ठिसूळ. नापास.
सही माझी.
सहाही चिरे एकाच बाजूनं गेले होते,
सहाही,
आणि मी चिऱ्यांकडे बघत राहिले.

मग वरची प्लेट आम्ही सोडली.
आणखी बांधली नाही, सोडली.
तिच्या पाठीवर पोलादी वाटी, वाटीत अर्धा गोळा,
ग्रीसचा पातळ हात.
आता ती चिऱ्यावर उतरते तेव्हा
आधी जरा डोलते,
त्याचं तोंड जसं असेल तशी वळते,
मग टेकते.
भार चढला की गोळा वाटीत थिजतो
आणि त्यानंतर ती कुणाचं ऐकत नाही.
चिऱ्याची दोन तोंडं तरी कुठे समांतर असतात,
खाणीतल्या करवतीला कुठली सवड.
खालची मात्र चाळीस मिलिमीटर जाड, पक्की.
तिच्यावरून डायल गेज फिरवला,
काटा झोपल्यासारखा.

पुन्हा कागद, पुन्हा कार्बन.
काळं कुठेच नाही. करडं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत फिकं करडं.
कायताननं तो उजेडाला धरला,
उलटा करून पाहिला,
आणि काही न बोलता घाम पुसायला घेतला.

शेटकरांना मी फोन केला.
मागे ट्रकमधून चिरे उतरत होते, एकावर एक.
ते म्हणाले, ते चिरे? ते परत आले नव्हे,
मग शेजाऱ्याच्या विहिरीच्या कठड्याला दिले, निम्म्या दरात.
कठडा आहे? मी विचारलं.
आहे की. न राहायला काय झालं?
मी म्हटलं, चूक आमच्या यंत्राची होती,
नवा अहवाल पाठवते.
पाठव, म्हणाले. मग थोडं थांबून,
दर मात्र पडला तो पडला, बाय.

शेडचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून
त्या सहांतला एक अर्धा चिरा
अजून तिथंच लावलेला असतो.
येताजाता
मी त्याला ओलांडते.